दुसऱ्या स्लॉटमधलं कार्ड

आमच्या सर्व्हरला स्लॉट दोनच. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून घडलं.

स्लॉट म्हणजे सर्व्हरच्या पोटातली लांबट खाच. तिच्यात कार्ड उभं खोचलं की सर्व्हरला जे काम जन्मतः येत नाही ते यायला लागतं. खात्यापित्या घरच्या सर्व्हरला असे पाच-सहा स्लॉट असतात. आमचा चपटा, फळीवर आडवा पडलेला. त्याच्या नशिबी दोन. पहिल्यात डिस्कांचं कार्ड. ते काढलं तर सर्व्हर म्हणजे नुसता गरम हवा सोडणारा डबा. दुसऱ्यात स्कॅनरचं कार्ड. आणि माझ्या लेकीला तो दुसरा स्लॉट रिकामा करून हवा होता.

आमचा धंदा जुने कागद कॉम्प्युटरमध्ये उतरवून द्यायचा. फोटो, दस्त, नकाशे, जे येईल ते. मी आणि लेकीच्या आईने तो एका खोलीत सुरू केला, आता लेक तीन खोल्यांत चालवते. तिची आई जाऊन दोन वर्षं होऊन गेली. मी निवृत्त आहे असं लेक लोकांना सांगते. म्हणजे निर्णय तिचे आणि स्क्रू माझे, अशी आमची वाटणी आहे.

त्या महिन्यात तिने एका संग्रहालयाच्या नकाशांच्या कामात उडी घेतली होती. नकाशे सतरंजीएवढे. एकेका नकाशाचे तुकड्या-तुकड्यांनी फोटो काढायचे आणि मग ते जोडायचे. त्यासाठी तिने मोठा कॅमेरा घेतला, त्याचा लोखंडी स्टँड करून घेतला, फायली ठेवायला पलीकडच्या खोलीत नवी साठवणपेटी बसवली. सगळं नवंकोरं आणि दणकट. घोडं अडलं ते मधल्या सर्व्हरपाशी. त्याच्या पाठीला नेटवर्कच्या वायरीसाठी जे तोंड आहे ते जुन्या काळचं. कॅमेरा फोटो काढून मोकळा व्हायचा आणि फाइल सर्व्हरमध्ये जाईपर्यंत आम्ही भिंतीकडे बघत बसायचो. सोमवारी संग्रहालयाच्या बाई येणार होत्या. त्यांच्यासमोर दिवसभर काम करून दाखवायचं, वेग जमला तर काम आमचं, नाही तर दुसऱ्या कुणाचं.

"बाबा, सर्व्हरला एक वेगवान नेटवर्क कार्ड बघा," लेक म्हणाली. "आपल्याला चालेल असं. त्याला तुमच्याइतकं कोणी ओळखत नाही."

"बघतो," मी म्हणालो.

तिची आई असती तर तिथेच हसली असती. ती म्हणायची, "तुमचं 'बघतो' म्हणजे 'नाही'. फक्त दोन दिवस उशिरा."

मी बघितलं. खरंच बघितलं, उगाच माझ्यावर आळ नको. ज्याच्याकडून आम्ही सगळं सामान घेतो तो कार्डवाला आमच्याच रस्त्याच्या टोकाला आहे. त्याच्या दुकानात दाटीवाटीने इतकी खोकी आहेत की गिऱ्हाईक आत शिरलं तर त्याला स्वतःला बाहेर उभं राहावं लागतं. त्याने पहिलं कार्ड दिलं ते मी घरी आणलं, आणि परत केलं.

"का?" लेकीने विचारलं.

"पट्टी उंच आहे."

कार्डाच्या एका टोकाला पत्र्याची पट्टी असते. ती सर्व्हरच्या पाठीला स्क्रूने बसते. उभ्या सर्व्हरला उंच पट्टी लागते, आमच्यासारख्या चपट्याला बुटकी. उंच पट्टीचं कार्ड घातलं तर झाकणच लागणार नाही. लेकीने मान डोलावली.

दुसरं कार्ड बुटक्या पट्टीचं होतं, पण त्याला दोन तोंडं. आमचा दुसरा स्लॉट दिसायला लांबलचक आहे, पण आत निम्म्याच तारा जोडल्यात. ज्याने बनवला त्याने काटकसर केलीय. बाहेरून वाडग्याएवढा आणि आत वाटीएवढं मावतं. त्या कार्डाला पूर्ण तारा हव्या होत्या. शिवाय ते तापायचं, आणि डिस्कांचं कार्ड त्याच्या अगदी कुशीत. तेही परत केलं.

तिसरं काचेच्या तंतूवर चालणारं निघालं, आणि आमच्या भिंतीतून गेलीय ती तांब्याची वायर. चौथं सगळ्या बाजूंनी गुणी होतं, पण आमच्या सर्व्हरची सिस्टिम जुनी, तिच्याकडे त्याचा ड्रायव्हर नव्हता. कार्ड खोचून काय उपयोग, सर्व्हरने ओळख तर दाखवली पाहिजे.

कारणं सगळी खरी होती. खोटं बोलायची मला गरजच पडली नाही. ज्याला कार्ड घ्यायचंच नाही त्याला खरी कारणं हवी तेवढी मिळतात.

बुधवारी चौथं कार्ड परत करून आलो तेव्हा लेक कॅमेऱ्याची काच पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं."

"म्हणजे काय?"

"काही नाही. आई असती तर म्हणाली असती, म्हणून मीच म्हटलं."

मी परतीची पावती फायलीला लावायला वळलो. दुसरा स्लॉट गेला म्हणजे स्कॅनर गेला, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही, आणि दोघांनीही अजून ते मोठ्याने म्हटलं नव्हतं. बाकीचे आमचे कॉम्प्युटर म्हणजे लॅपटॉप, त्यांना स्लॉट नावाची चीजच नाही. मी गुपचूप जुन्या बाजारातून एक उभा कॉम्प्युटर आणून त्यात ते कार्ड घालून बघितलं होतं. त्याने कार्डाकडे ढुंकून बघितलं नाही. स्कॅनर आणि तो सर्व्हर यांचं एकमेकांशिवाय कुणाशी पटतच नव्हतं.

स्कॅनर आला तेव्हा लेक दुसरीत होती. टेबलाएवढं धूड. मी आणि तिच्या आईने नोकरी सोडून धंदा करायचा ठरवला होता, आणि ज्या दिवशी ते खोकं दारात आलं त्या दिवशी आम्हाला कळलं की खोलीचं दार आम्ही मोजलंच नव्हतं. खोकं आत जाईना. मी दाराच्या बिजागऱ्या काढायला बसलो आणि ती हमालांना गप्पांत गुंतवून थोपवून धरत राहिली. दार निघालं, स्कॅनर आत आला, आणि टेबलावर ठेवता ठेवता माझाच हात सुटला. झाकण आपटलं आणि त्याची बिजागरी तुटली. दाराच्या वाचल्या, झाकणाची गेली. मला वाटलं आता ती रडेल. ती झाकणाकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "चला, आता निदान हे तुमच्यासारखं आदळआपट करणार नाही."

तेव्हापासून ते झाकण कधी नीट टेकलं नाही. जुने फोटो कडांना वळलेले असतात, झाकणाने दाबले नाहीत तर काचेवरून वर उठतात आणि स्कॅन धूसर येतो. गिऱ्हाइकाचा फोटो असला की ती वर जाड काच ठेवायची, काचेवर वजन ठेवायची, बारक्या मुलासारखे त्याचे लाड करायची. शनिवारच्या चाचणीला मात्र हे लाड नव्हते.

शनिवारची चाचणी हा तिचा नियम. शनिवारी काम सुरू करायच्या आधी नेहमी एकच फोटो स्कॅन करायचा आणि मागच्या शनिवारच्या शेजारी ठेवून बघायचा. रंग फिका पडलाय का, रेघ उमटतेय का, दिवा म्हातारा झालाय का, सगळं कळतं. फोटो माझा होता. सर्व्हर बसवला त्या दिवशी तिनेच काढलेला. मी सर्व्हर उघडून बसलोय, डोक्यावर केस आहेत, ओठांत स्क्रू धरलाय आणि कपाळावर आठी.

"माझाच कशाला?" मी विचारलं होतं.

"अहो, यात सगळं आहे," ती म्हणाली. "काळे केस, पांढरा शर्ट आणि लाल नाक. चाचणीला अजून काय लागतं?"

आणि चाचणी पुसायची नाही, हा दुसरा नियम. आज दिसलेला दोष कधी सुरू झाला ते जुन्या चाचणीतच सापडतं, असं तिचं म्हणणं. ते बरोबरही होतं. ती गेल्यावर शनिवारची चाचणी मी करायला लागलो. लेकीने रोजचं काम छोट्या कॅमेऱ्यावर नेल्यापासून स्कॅनरवर दुसरं काही चढतच नव्हतं, पण शनिवार मी चुकवला नाही. दिवा पेटायचा, आतला दांडा घरघरत पुढे जायचा, आणि तेवढा वेळ त्या खोलीत पूर्वीचा आवाज असायचा. मला तो आवाज हवा होता, एवढंच.

गुरुवारी सकाळी लेकीने माझ्या टेबलावर एक खोकं ठेवलं. पाचवं कार्ड. ती स्वतः जाऊन घेऊन आली होती.

"बघा," ती म्हणाली. "पट्ट्या दोन्ही आहेत खोक्यात, उंच आणि बुटकी. तोंड एकच. निम्म्या तारांवर चालतं. वायर तांब्याची. आणि आपल्या सिस्टिमच्या यादीत त्याचं नाव आहे, मी दोनदा तपासलं. तापतं थोडं, पण कार्डवाला म्हणाला की शेजारी बारका पंखा लावला की भागेल."

मी कार्ड उलटंपालटं केलं. डोळ्याजवळ नेऊन त्याचे सोनेरी दात बघितले. खोक्यातली पुस्तिका उघडली.

"कागद पातळ आहे," मी म्हणालो.

"बाबा."

"नाही, मी आपलं सांगतोय."

ती खुर्ची ओढून समोर बसली. तिच्या आईला राग आला की ती भांडी घासायची. ही खुर्ची ओढते. "दोन वर्षांत त्या स्कॅनरवर तुमच्या त्या एका फोटोशिवाय काही चढलंय का? सांगा मला. मी बोलत नव्हते. पण सोमवारी बाई येतील आणि आपण त्यांना भिंत दाखवत बसू. हे काम गेलं तर तो कॅमेरा मी कशासाठी घेतला?"

"ते यंत्र तुझ्या आईचं आहे."

"मला माहीत आहे. आई माझीही होती."

 पलीकडे सर्व्हरचे पंखे तेवढे बोलत होते. मला स्वतःचा राग आला होता आणि तो तिच्यावर काढायची सोयही उरली नव्हती, कारण ती रडत नव्हती की ओरडत नव्हती.

"कार्ड न लावताही वेग मिळेल," मी शेवटी म्हणालो. "त्या जुन्या तोंडातून काहीतरी फालतू वाहतूक चालली असणार. ती थांबवली की झालं. उद्यापर्यंत वेळ दे."

"उद्यापर्यंत," ती म्हणाली आणि उठली.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यांना बघूनच म्हणत असावेत. शुक्रवारी दुपारी जेवण उरकून मी सर्व्हरसमोर ठाण मांडलं. आणि गंमत म्हणजे मी बरोबर निघालो. फालतू वाहतूक खरंच होती. आमची बॅकअपची पद्धत जुनी. लेकीच्या आईने कधीकाळी लावून दिली, ती गेल्यावर मी त्या पद्धतीला हात लावला नव्हता. ती रोज सगळ्या फायली पहिल्यापासून नेटवर्कवरून पलीकडच्या खोलीत पुन्हा उतरवायची. पूर्वी ते रात्रीत संपायचं. आता दिवस उजाडला तरी चालूच राहायचं आणि कॅमेऱ्याच्या फायलींची वाट अडवायचं.

त्यात सगळ्यात जड काय आहे ते मी शोधलं. गिऱ्हाइकांचं काम दिलं की आम्ही पुसतो, त्यामुळे ते नव्हतं. सगळ्यात जड एक फोल्डर होता. त्याचं नाव 'शनिवार'.

मी हसलोच. म्हणजे संग्रहालयाचं काम अडवून कोण बसलं होतं, तर मी. तोंडात स्क्रू धरून, कपाळाला आठी घालून, दर शनिवारी पुन्हा नव्याने. चाचणी पुसायची नाही या नियमापायी माझी तीच ती मूर्ती त्या तोंडातून रोज सकाळपर्यंत रांग लावून जात होती.

मार्ग सरळ दिसत होता. जुने शनिवार पुसून टाकायचे. वाट मोकळी होईल, सोमवार निभावेल, दुसऱ्या स्लॉटला कुणी हात लावणार नाही. आणि पुसायचं काय होतं, तर माझंच थोबाड. त्याचं मला काय सोयरसुतक. मूळ फोटो तर पाकिटात होताच.

तरी पुसण्याआधी एकदा उघडून बघावं म्हणून मी सगळ्यात पहिला शनिवार उघडला. फोटो ठीक होता. नाक लाल होतं. पुढचा उघडला. मग सहज फोटो बाजूला सरकवला आणि डावा कोपरा पडद्यावर आला.

कोपऱ्यात एक अंगठा होता.

फोटोच्या कडेबाहेर, काचेवर दाबून चपटं झालेलं पेर. त्यावरच्या रेघा शेतातल्या नांगरटीसारख्या स्वच्छ उमटलेल्या. फोटो वळू नये म्हणून तिने कोपरा अंगठ्याने दाबून धरला होता, आणि खालून जाणाऱ्या दांड्याने माझ्या आठीबरोबर तिचा अंगठाही टिपला होता. इतकी वर्षं मी या चाचण्या बघत आलो. पण मी बघायचो मधला भाग, रंग आणि रेघा. कोपरा कोण बघतो.

मी पुढचा उघडला. त्यातही होता. त्याच्या पुढच्यातही.

मग मी पुसायचं विसरलो. एकेक शनिवार उघडत गेलो. एका शनिवारी अंगठ्यावर निळ्या शाईचा डाग, तो पुढच्या शनिवारी फिकट होऊन अजून तिथेच. एकदा पेर सगळं भेगाळलेलं, थंडीचे दिवस असणार. एका शनिवारी तिच्या अंगठ्याला चिकटून एक एवढासा बारका अंगठा, शाळेला सुट्टी असेल त्या दिवशीचा. मग एक पट्टी. जाड, गुंडाळून गुंडाळून बांधलेली, आणि नंतर तीनचार शनिवार तीच पट्टी, दर वेळी थोडी लहान.

"ती माझ्यामुळे," मागून लेक म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती मला कळलं नाही. "मी पुठ्ठ्याचं घर करत होते शाळेसाठी. खिडकी कापताना पातं माझ्या बोटाकडे आलं, आणि आईने मध्ये हात घातला."

"मला म्हणाली होती, डबा उघडताना लागलं."

"मला ओरडाल म्हणून."

"ओरडलो असतोच," मी म्हणालो.

तिने दुसरी खुर्ची ओढली, पण या वेळी शेजारी. आम्ही पुढे बघत गेलो. अंगठा मधल्या वर्षांत भरला, गुबगुबीत झाला. मग हळूहळू, एका शनिवारच्या शेजारी दुसरा ठेवला तर कळणारही नाही इतक्या हळू, तो बारीक होत गेला. आणि शेवटच्या काही महिन्यांत अंगठ्याच्या बुडाशी एक धूसर पिवळी कड दिसायला लागली. मला आधी काचेवरचा डाग वाटला.

"अंगठी आहे," लेक म्हणाली. "बोटातून गळून पडायला लागली होती ना. मग तिने अंगठ्यात घातली होती."

मला ते आठवत होतं. आठवत नाही असं नव्हतं. पण आठवणं वेगळं, आणि असं पडद्यावर ताटलीएवढं समोर येणं वेगळं. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. 

त्या पुढच्या शनिवारी कोपऱ्यात दुसराच अंगठा होता. रुंद, काळपट, पेरावर स्क्रूड्रायव्हरचा घट्टा. माझा. त्याच्या पुढेही माझा. शेवटपर्यंत माझाच.

 मग लेक म्हणाली, "राहू द्या बाबा. नाही काढायचं ते कार्ड. बाईंना मी सांगेन, जमत नाही म्हणून. काम काय, दुसरं मिळेल."

ती मनापासून म्हणत होती. तिच्या आवाजावरून कळत होतं, आणि म्हणूनच मला ते ऐकवेना. ज्या पोरीसाठी त्या अंगठ्याने पातं अडवलं तिचंच काम मी अडवून बसलो होतो. आणि कशासाठी?

"दोन वर्षं मी काय स्कॅन करतोय बघितलंस ना," मी म्हणालो. "माझं नाक आणि माझाच अंगठा. मला वाटत होतं ते यंत्र चालू आहे तोवर ती थोडीशी इथे आहे. ती इथे आहेच. पण ती या फोल्डरमध्ये आहे, त्या स्लॉटमध्ये नाही. आणि मी येडा आज हा फोल्डर पुसून तो स्लॉट वाचवणार होतो."

"पुसला नाहीत ना?"

"एकही नाही."

"मग झालं," ती म्हणाली, आणि माझ्या हातातून माउस काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी शनिवारच होता. सर्व्हर बंद करायच्या आधी आम्ही शेवटची चाचणी घेतली. मी पाकिटातून फोटो काढला, काचेवर पालथा ठेवला, आणि सवयीने अंगठा पुढे केला.

"थांबा," लेक म्हणाली आणि तिने तिचा ठेवला.

दिवा पेटला. दांडा घरघरत गेला आणि परत आला. पडद्यावर मी आलो, आणि डाव्या कोपऱ्यात ती. आम्ही तिच्या आईचा एक शनिवार शेजारी उघडला. दोघींची पेरं सारखीच, टोकाला जराशी बाहेर वळलेली.  मी फक्त म्हणालो, "दिवा अजून ठणठणीत आहे हो," आणि फाइल 'शनिवार'मध्ये ठेवली.

मग मी सर्व्हर बंद करून वायर काढली आणि झाकण उघडलं. अंगातली वीज कार्डाला लागू नये म्हणून आधी पत्र्याला हात लावला, हे मीच लेकीला शिकवलंय आणि तरी तिने मला आठवण करून दिली. स्कॅनरचं कार्ड निघायला तयार नव्हतं. इतकी वर्षं एका जागी बसलेलं, त्याचं तरी काय चुकलं. दोन्ही टोकांनी थोडं थोडं हलवत ते वर आणलं. त्याच्यावर धुळीची मऊ साय होती. ती फुंकरून, पुसून, कार्ड चंदेरी पिशवीत घालून मी माझ्या खणात ठेवलं. स्कॅनर कुठे जाणार, तो जिथे आहे तिथेच राहिला. दारातून बाहेर काढायचा तर पुन्हा बिजागऱ्या काढाव्या लागतील.

नव्या कार्डाची उंच पट्टी काढून बुटकी लावली. दुसऱ्या स्लॉटमध्ये ते टक करून बसलं. स्क्रू ओठांत धरून मी पंखा कुठे लावावा ते बघत होतो, तेवढ्यात लेकीने मोबाइलवर माझा फोटो काढला. नंतर बघितला. केस गेलेत, शर्ट मळकट आहे. आठी तेवढी जशीच्या तशी.

सर्व्हर चालू केला. त्याने नव्या कार्डाला पहिल्या झटक्यात ओळखलं, कुरकुर नाही, नखरे नाहीत. कार्डावरचा हिरवा दिवा लागला. बॅकअपची ती जुनी पद्धतही मी बंद केली. सोमवारचंही इथेच सांगून टाकतो, म्हणजे जिवाला घोर नको. बाई आल्या, दिवसभर बसल्या, आणि काम आमचं झालं. कॅमेऱ्याला आता आमच्यासाठी थांबावं लागत नाही, आम्हालाच त्याच्यामागे पळावं लागतं.

पण ते सोमवारचं. शनिवारी दुपारी अजून काही पाठवायचं नव्हतं, तेव्हा लेक म्हणाली, "नव्या कार्डातून साठवणपेटीत पहिलं काय पाठवू?"

"शनिवार," मी म्हणालो.

तिने फोल्डर उचलून पेटीवर सोडला आणि चहा आणायला गेली. परत येऊन कप माझ्यापुढे ठेवला. मी पडद्याकडे बघत होतो. फायलींची नावं एकामागून एक वर सरकत होती. शाईचा डाग कधी गेला, पट्टी कधी गेली, बारका अंगठा कधी आला आणि गेला, काही कळत नव्हतं. ज्या कामाला परवापर्यंत पुरी रात्र पुरत नव्हती ते चहावर साय धरायच्या आत संपलं. पडद्यावर 'पूर्ण' असं आलं.

मी त्या शब्दाकडे बघत राहिलो. मला खूप वाईट वाटलं, आणि कार्ड चांगलं निघाल्याबद्दल वाईट वाटणारा जगात मी एकटाच असेन.

"एवढी कसली घाई होती," मी म्हणालो.

लेकीने माझ्याकडे बघितलं. मग स्वतःचा कप खाली ठेवून विचारलं, "परत पाठवू?"

"पाठव," मी म्हणालो. "या वेळी जुन्या तोंडातून."

जुनं तोंड सर्व्हरच्या पाठीला होतंच, ते कुणी काढलं नव्हतं. तिने वाकून वायर नव्या कार्डातून काढली आणि त्यात लावली. पहिल्या शनिवारचं नाव पडद्यावर आलं आणि बराच वेळ तिथेच थांबलं. लेक खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली, आणि दिवे लावायची वेळ होईपर्यंत आम्ही दोघं तिथून उठलो नाही.